परिभाषेचा बाऊ आणि कानांचा आळस

काही महिन्यांपूर्वी आमच्या शहरातील एका व्याख्यानमालेत पाश्चात्य संगीतावर एक व्याख्यान झाले. वक्ते विद्वान, बहुश्रुत आणि वक्तृत्वसंपन्न होते. जॅझचा विषय निघताच त्यांनी त्याचा एका वाक्यात निकाल लावला: जॅझ म्हणजे पाश्चात्यांचा ख्याल होय, त्यांचे स्केल तो आपला राग, त्यांचा कोरस ते आपले आवर्तन आणि त्यांचे इम्प्रोव्हायझेशन ती आपली उपज. टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रोते प्रसन्न चित्ताने घरी गेले. ज्या संगीताविषयी ऐकावयास ते आले होते त्याचा एकही स्वर कानी न पडता तो विषय आपणांस कळला, अशी त्यांची खात्री झाली होती. आम्हीही त्या सभेत होतो. आम्ही टाळ्या वाजविल्या नाहीत, एवढेच आमचे शौर्य.

हा प्रकार एका व्याख्यानापुरता असता तर त्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु परक्या कलेच्या परिभाषेशी गाठ पडली की आमचा सुशिक्षित वर्ग तिच्यातून सुटण्याच्या ज्या तीन पळवाटा शोधतो, त्यांपैकी ही एक आहे. पहिली पळवाट रसिकाची: 'संगीत अनुभवावयाचे असते, त्याला शब्द कशाला?' दुसरी अभिमान्याची: 'हे सर्व आमच्याकडे आहेच, फक्त नावे निराळी.' तिसरी पंडिताची: 'प्रत्येक शब्दाला संस्कृत प्रतिशब्द बनवा म्हणजे विषय मराठीत आला.' तिन्ही वाटा निरनिराळ्या दिसतात, पण त्या एकाच ठिकाणी पोहोचतात. आणि ते ठिकाण म्हणजे न ऐकणे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, संगीतातील पारिभाषिक शब्द हे कानाने ओळखावयाच्या एखाद्या गोष्टीचे नाव असते. ती गोष्ट ऐकू आली म्हणजे शब्द आपोआप सोपा होतो. ती ऐकू आली नाही तर शब्द इंग्रजी असो की संस्कृत, तो पोकळच राहतो.

प्रथम रसिकांकडे वळू. 'शब्दांनी रसभंग होतो' असे म्हणणारे हे गृहस्थ आपल्या संगीताच्या बैठकीत कसे वागतात ते पाहावे. तेथे ते समेवर मान डोलावतात, मींड बरोबर लागली की 'वाहवा' म्हणतात, आणि शेजारचा कोणी भलत्याच मात्रेवर दाद देऊ लागला तर त्याच्याकडे करुणेने पाहतात. सम, मींड, मुखडा, खाली, हे पारिभाषिक शब्द नव्हेत तर काय? ते त्यांना जड वाटत नाहीत, कारण लहानपणी कोणा वडीलधाऱ्याने मांडीवर ताल धरून 'ही बघ सम' असे त्यांना दाखविले होते. त्या शब्दाने त्यांचा रसभंग झाला नाही. त्या शब्दानेच त्यांना कान दिला. मग परक्या संगीताच्या बाबतीतच शब्द रसाचे वैरी कसे ठरतात?

या भूमिकेत आणखी एक दोष आहे, आणि तो केवळ आळसाचा नाही. 'जॅझ ही काळजातून आलेली उत्स्फूर्त कला, तिला शास्त्र कसले?' ही स्तुती ऐकावयास गोड आहे. पण तिचा अर्थ असा होतो की, अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंत नैसर्गिक प्रेरणेने वाजवीत होते, विचाराने नव्हे. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. जॉन कोलट्रेन हा सॅक्सोफोनवादक निकोलस स्लोनिम्स्की याच्या १९४७ साली निघालेल्या स्वरावलींच्या जाड कोशातून नित्य अभ्यास करी. जॉर्ज रसेल याने क्षयाने रुग्णालयात पडून असताना स्वररचनेच्या एका नव्या उपपत्तीचा पाया घातला, आणि ती १९५३ साली ग्रंथरूपाने मांडली. हार्लेममधील मिंटन्स प्लेहाऊस या ठिकाणी १९४० नंतर थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी, केनी क्लार्क प्रभृती मंडळी रात्री जमत, तेव्हा तेथे नुसता जल्लोष चालत नसे. स्वरसंगतीच्या नव्या वाटांची कसून परीक्षा चाले. अशा माणसांच्या कामाला 'उत्स्फूर्त' म्हणून हात जोडणे म्हणजे त्यांच्या बुद्धीला नमस्कार न करताच पुढे जाणे होय.

आता आमचा स्वतःचा अपराध कबूल केला पाहिजे. नाही तर दुसऱ्यांस बोल लावण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितो. लँग्स्टन ह्यूज या कवीचा 'द वेअरी ब्लूज' हा संग्रह १९२६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या कविता वर्गात शिकविताना 'ब्लूज म्हणजे दुःखगीत' असा अर्थ आम्ही कित्येक वर्षे बिनदिक्कत सांगत आलो. अशा कडव्यांत पहिली ओळ जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा येते आणि मग तिसरी ओळ येऊन कडवे मिटते. ही पुनरावृत्ती का, असे विचारले तर 'दुःखाचा उमाळा' असे उत्तर आम्ही देत असू. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर नम्रपणे विचारले, "सर, आनंदी ब्लूजही पुष्कळ आहेत, त्यांना काय म्हणावयाचे?" दुसऱ्या दिवशी तो आपली गिटार घेऊन आला, आणि त्या अर्ध्या तासात आमच्या अनेक वर्षांच्या शिकवणीतील पोकळी आमच्याच कानांनी आम्हांस ऐकू आली.

त्याने दाखविले ते वाचकांसही घरच्या पेटीवर पाहता येईल. पांढरी एक हा षड्ज धरावा. षड्ज, गांधार, पंचम हे तीन स्वर एकदम दाबले की एक कॉर्ड होते. तिला पहिली म्हणू. मध्यम, धैवत आणि वरचा षड्ज ही चौथी. पंचम, निषाद आणि वरचा ऋषभ ही पाचवी. आता चार मात्रांचा एक बार असे बारा बार मोजावे. पहिले चार बार पहिली कॉर्ड. मग दोन बार चौथी आणि दोन बार पुन्हा पहिली. नंतर एक बार पाचवी, एक बार चौथी, आणि शेवटचे दोन बार पहिली. अठ्ठेचाळीस मात्रांचा हा फेरा पुरा झाला की पुन्हा आरंभ. यात पुष्कळ पोटभेद आहेत, परंतु मूळ सांगाडा हाच. संगीतकाराच्या तोंडी ब्लूज हा शब्द मुख्यतः या घाटाचे नाव आहे. घाट एकच, त्यात दुःख भरा, थट्टा भरा, नाही तर सावकाराला शिव्या भरा.

आणि आता त्या पुनरावृत्तीचे रहस्य. गायकाची पहिली ओळ पहिल्या कॉर्डवर सुरू होते. तीच ओळ तो पुन्हा म्हणतो तेव्हा तिच्याखालची जमीन सरकलेली असते. खाली आता चौथी कॉर्ड वाजत असते. शब्द तेच, स्वरही बहुधा तेच, पण त्यांच्यावर पडणारा प्रकाश निराळा. तिसरी ओळ पाचव्या कॉर्डच्या ताणातून निघते आणि घरी परत येते. प्रत्येक ओळ आपल्या चार बारांपैकी साधारण निम्म्यातच संपते, आणि उरलेल्या जागेत वाद्य तिला उत्तर देते. ज्याला आम्ही उमाळा म्हणत होतो तो असा एक रेखीव, विचारपूर्वक घडविलेला संवाद होता. कागदावर जी ओळ निव्वळ पुनरुक्त दिसते ती कानाला नवी लागते. 'बारा बार' आणि 'कॉर्ड' हे दोन रूक्ष शब्द आम्हांस ठाऊक नव्हते, म्हणून एका चांगल्या कवीची ओळ आम्ही वर्षानुवर्षे चुकीची वाचली आणि शेकडो विद्यार्थ्यांना चुकीची वाचावयास लावली. परिभाषा हा पंडितांचा खेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी याचे उत्तर द्यावे.

दुसऱ्या पळवाटेवर, म्हणजे 'आमच्याकडे हे आहेच' या समाधानावर, आमचा रोष अधिक आहे, कारण ती ज्ञानाचा वेष घेऊन येते. १९५९ साली माइल्स डेव्हिस याच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीचे ध्वनिमुद्रण झाले. तिच्यातील 'सो व्हॉट' या रचनेत ज्या स्वरसंचावर वादक विहार करतात त्याचे नाव डोरियन. कोमल गांधार, कोमल निषाद, बाकीचे शुद्ध. अर्थात भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी काफी. येथवर सर्व खरे आहे, आणि वाचकाला त्या स्वरांची ओळख पटावी म्हणून 'काफी थाट' म्हणून सांगणे उपकारकही आहे. परंतु यापुढे एक पाऊल टाकून कोणी 'म्हणजे माइल्स डेव्हिस काफी राग वाजवीत होता' असे म्हणाला की तो एकदम दोन संगीतांचा अपमान करतो.

राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, हे मराठी वाचकांस आम्ही सांगावे काय? भूप आणि देशकार यांत तेच पाच स्वर आहेत. मारवा, पूरिया आणि सोहनी यांत तेच सहा. यादी म्हणजेच राग असता तर हे पाच राग न राहता दोनच उरले असते. भूपात गांधाराचे आणि देशकारात धैवताचे प्राबल्य असते. चलन निराळे, वेळ निराळी, मुद्रा निराळी. 'सो व्हॉट'मध्ये वादी नाही, पकड नाही, ठरलेला आरोह-अवरोह नाही. उलट, जे आहे ते आमच्या कल्पनेत बसत नाही: बत्तीस बारांचा फेरा, त्यातील सोळा बारांनंतर सगळा स्वरसंचच, षड्जासकट, अर्ध्या स्वराने वर चढतो, आठ बार तेथे राहतो आणि पुन्हा आठ बारांसाठी खाली येतो. पेटीवर पांढरी दोनचा षड्ज काळी दोनवर जाऊन परत येतो, असे समजावे. तंबोऱ्याचा षड्ज रात्रभर एके ठिकाणी अचल ठेवणाऱ्या आमच्या गायकाला हे सांगून पाहावे! जे निराळे तेच ऐकण्यासारखे होते. आणि 'काफी' म्हणताच नेमके तेच ऐकावयाचे राहून गेले.

कोरस आणि आवर्तन यांचेही तसेच आहे. जॅझमध्ये कोरस म्हणजे समूहगान नव्हे, तर रचनेचा एक संपूर्ण फेरा. 'त्याने तीन कोरस घेतले' म्हणजे एकट्याने तीन फेरे वाजविले. आवर्तनाशी त्याचे साम्य जरूर आहे. फेरा संपून आरंभाच्या मात्रेवर परतण्याचे सुख दोहोंकडे आहे. परंतु आवर्तन ही काळाची चौकट आहे, आणि कोरस ही काळाची चौकट असून शिवाय कॉर्डांची ठरलेली वाटही आहे. वादकाला नुसते वेळेवर पोहोचावयाचे नसते. वाटेतील प्रत्येक वळणावर त्या वळणाला शोभेल असा स्वर द्यावयाचा असतो.

हे वळण घेणे किती कठीण असू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण ध्वनिमुद्रित होऊन राहिले आहे. त्याच १९५९ साली कोलट्रेनने 'जायंट स्टेप्स' ही रचना मुद्रित केली. तिच्या सोळा बारांत २६ कॉर्ड आहेत, आणि त्या तीन निरनिराळ्या षड्जांभोवती फिरतात. हे तीन षड्ज सप्तकाचे तीन समान भाग पाडतात. पेटीवर ते पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन येथे सापडतील. रचना विलक्षण द्रुत आहे. कोलट्रेन ती वाट तोंडपाठ असल्यासारखा धावत जातो. पण त्याच्यामागून टॉमी फ्लॅनगन हा मोठ्या योग्यतेचा पियानोवादक आपला भाग वाजवू लागतो, तेव्हा तो चाचपडतो, जागा सोडतो, थांबतो. ज्याला 'कॉर्ड' आणि 'षड्ज बदलणे' या गोष्टी ठाऊक नाहीत, त्याला येथे एक वेगवान वादक आणि एक सावकाश वादक एवढेच ऐकू येईल. ज्याला त्या ठाऊक आहेत त्याला एक माणूस नव्या प्रदेशात किती पुढे निघून गेला होता हे ऐकू येईल, आणि मागे राहिलेल्याविषयी आदरही वाटेल.

आता पंडितांची वाट. कोशात शब्द पाहावा आणि भाषांतर करावे, ही पद्धत येथे किती फसवी आहे ते पाहा. जॅझवादकांच्या बोलण्यात 'रिदम चेंजेस' असा शब्द वारंवार येतो. कोश सांगेल: रिदम म्हणजे लय, चेंज म्हणजे बदल, सबब 'लयपरिवर्तन'. शब्द भारदस्त आहे, आणि सर्वस्वी चुकीचा आहे. जॉर्ज गर्श्विन याने १९३० साली 'गर्ल क्रेझी' या संगीतिकेसाठी 'आय गॉट रिदम' नावाचे गीत रचले. वादकांच्या बोलीत चेंजेस म्हणजे कॉर्डांचा क्रम. तेव्हा 'रिदम चेंजेस' म्हणजे त्या गीताच्या खालचा कॉर्डांचा क्रम; लयीच्या बदलाशी त्याचा काही संबंध नाही. मूळ गीत ३४ बारांचे होते. वादकांनी शेवटची दोन बारांची शेपटी छाटून त्याचा ३२ बारांचा सुटसुटीत साचा केला, आणि त्या साच्यावर नव्या चाली बांधल्या. लेस्टर यंगची १९३९ सालची 'लेस्टर लीप्स इन' ही त्यांपैकीच. चार्ली पार्करने १९४५ साली मुद्रित केलेली 'को-को' ही रचनादेखील अशीच रे नोबलच्या १९३८ सालच्या 'चेरोकी' या गीताच्या क्रमावर उभी आहे. अमेरिकेत स्वामित्वहक्क चालीवर सांगता येई. केवळ कॉर्डांच्या क्रमावर तो सहसा सांगता येत नसे. तेव्हा या प्रथेत कलेची हौस होती, तसा व्यवहारही होता. एका शब्दाच्या पोटात एवढा इतिहास आहे. 'लयपरिवर्तन' म्हणताच तो सारा पुसला जातो.

'स्विंग' या शब्दाचीही अशीच दशा होते. त्याला कोणी 'आंदोलन' म्हणतात, कोणी 'हिंदोल'. पैकी पहिला शब्द आमच्या संगीतात स्वराच्या डोलण्यासाठी अगोदरच कामावर आहे, आणि दुसरा तर रागच आहे. स्विंगमध्ये डोलतो तो स्वर नव्हे, मात्रेचे दोन अर्ध डोलतात. कागदावर ते सारखे लिहिलेले असतात. वाजविताना पहिला लांबतो आणि दुसरा आखडतो. किती, याचे ठराविक माप नाही. लय चढली की हा फरक कमी होत जातो, आणि एक वादक दुसऱ्यापासून त्या बारीक प्रमाणावरून ओळखता येतो. याखेरीज १९३५ नंतरच्या दहा-अकरा वर्षांतील मोठ्या वाद्यवृंदांच्या काळालाही स्विंग म्हणतात. एवढे सांगून लुई आर्मस्ट्राँगची एक तबकडी लावावी. प्रतिशब्दाची गरज राहत नाही.

प्रतिशब्दांना आमचा सरसकट विरोध आहे असे मात्र कोणी समजू नये. स्वर, सप्तक, मात्रा, द्रुत हे शब्द आम्ही वर सुखाने वापरले आहेत, कारण त्या गोष्टी दोन्ही संगीतांत आहेत. जी वस्तू आपल्याकडे आहे तिला आपले नाव द्यावे. जी नाही तिला तिच्या घरचे नाव राहू द्यावे. पेटी परदेशातून आली, पण तिच्या पट्ट्यांना पांढरी चार, काळी पाच ही नावे आमच्या गवयांनीच दिली, आणि ती वापरून रुळली. भातखंड्यांनी थाटांची व्यवस्था लावली ती कोश उघडून नव्हे. गावोगावच्या गवयांच्या चिजा वर्षानुवर्षे ऐकून, उतरवून घेऊन लावली. तीवर मतभेद असतील. पण तिच्यामागे ऐकणे आहे. अगोदर कान आणि मग नाव, हा क्रम त्यांनी सोडला नाही. आमचे नवे परिभाषाकार नेमका तोच उलटा करतात.

याच पंक्तीत एक चौथे गृहस्थही बसविले पाहिजेत: परिभाषा अत्तरासारखी अंगाला लावून फिरणारे. 'ट्रायटोन सब्स्टिट्यूशन' हा शब्द चहाच्या पेल्यावर उच्चारून ते भोवतालच्यांस गप्प करतात. त्यांना पेटीजवळ नेऊन बसवावे. पंचम, शुद्ध निषाद, वरचा ऋषभ आणि वरचा मध्यम ही कॉर्ड वाजवावी. तिच्यातील निषादाला षड्जाकडे जावयाचे असते आणि मध्यमाला गांधाराकडे, म्हणून ती घरी परतण्यास उत्सुक असते. आता तिच्या जागी कोमल ऋषभ, शुद्ध मध्यम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद असे चार स्वर दाबावे. पाया पार बदलला. पण उत्सुक असलेले ते दोन स्वर, मध्यम आणि निषाद, तेच राहिले. म्हणून ही कॉर्ड पहिलीचे काम करू शकते. दोघींच्या मूळ स्वरांत तीन पूर्ण स्वरांचे अंतर आहे, त्यालाच ट्रायटोन म्हणतात. एवढेच ते गूढ! ज्याने हे ऐकले त्याला तो शब्द मिरवावासा वाटत नाही, आणि ज्याने ऐकले नाही त्याने तो उच्चारू नये.

परिभाषा येत असूनही कान चुकतो, याचेही एक थोर उदाहरण आहे. थिओडोर अडोर्नो हा जर्मन तत्त्वज्ञ संगीतरचनाशास्त्र आल्बान बेर्ग याच्यापाशी शिकला होता. त्याने १९३६ साली टोपणनावाने जॅझवर एक निबंध लिहिला, आणि त्यातील स्वातंत्र्य हा निव्वळ देखावा आहे असे ठरविले. त्याच्यापाशी शब्दांची वाण नव्हती. पण ते शब्द दुसऱ्या संगीतावर घडलेले होते. सोन्याच्या काट्यावर त्याने पाऊस तोलला. आमचे 'ख्याल'वाले वक्ते जॅझला आपल्या मापाने तोलून डोक्यावर घेतात, अडोर्नोने आपल्या मापाने तोलून फेकून दिले. मापाची चूक दोघांची एकच.

येथे एक आक्षेप आम्हांस ऐकू येत आहे: 'आपलेच संगीत ऐकावयास वेळ नाही, ही परकी उठाठेव कशाला?' या आक्षेपाचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये नाही, मुंबईत आहे. लिऑन ॲबी याचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्या सुमारास मुंबईत शेकडो गोमंतकीय वादक होते. गावच्या चर्चच्या शाळेत त्यांनी लहानपणीच स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण घेतले होते. त्यांनी हे नवे संगीत कानांनी टिपले आणि हातांनी आत्मसात केले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हिएर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले. पुढे हीच मंडळी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. संगीतदिग्दर्शकाने चाल द्यावी. तिच्याखाली कॉर्ड कोणत्या, व्हायोलिने कोठे शिरणार, ट्रम्पेट कोठे उत्तर देणार, हे या मंडळींपैकी कोणी लिहून काढावे, असा परिपाठ होता. सी. रामचंद्रांच्या १९५१ सालच्या 'अलबेला'च्या संगीतात चिक चॉकलेटांचा हात होता. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझांनी वर्षानुवर्षे वाद्यमेळ लिहिला. श्रेयनामावलीत ही नावे आली तर 'साहाय्यक' म्हणून. पुष्कळदा तीही नाहीत.

ही गाणी आमच्या घरोघरी वाजली. आम्ही त्यांची चाल ऐकली, शब्द ऐकले, गळा ऐकला. त्यांच्याखालची जमीन ऐकली नाही, कारण तिला आमच्यापाशी नाव नव्हते. ज्याला नाव नाही त्याची दखल कोण घेणार, आणि ज्याची दखल नाही त्याच्या कर्त्याला श्रेय कोण देणार? गिरगावातला मराठी माणूस आणि धोबीतलावावरचा गोमंतकीय वादक यांच्यामध्ये चालत गेल्यास पाऊण तासाचेही अंतर नव्हते. तरी आमच्या वाङ्मयीन मासिकांनी त्या वादकाला 'तुम्ही हे करता त्याला काय म्हणतात?' असे विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. ग्रेगरी बूथ यांचे चित्रपटवादकांवरील पुस्तक २००८ साली आले, नरेश फर्नांडिस यांचे मुंबईच्या जॅझवरील पुस्तक २०१२ साली, दोन्ही इंग्रजीत. तोवर बहुतेक वादक काळाच्या पडद्याआड गेले होते. परिभाषेचा बाऊ केल्याची ही किंमत आहे, आणि ती आम्ही नव्हे, त्या वादकांनी भरली.

सर्वच शब्द सारख्या मोलाचे असतात असे नाही. काही शब्द धंद्यातील माणसांनी आपापसांत वापरण्याकरिता असतात, काही पुढे प्राध्यापकांनी केलेले असतात. वर सांगितलेल्या, जुन्या क्रमावर नवी चाल बांधण्याच्या प्रथेला 'कॉन्ट्राफॅक्ट' हे नाव जॅझच्या अभ्यासात १९७५ साली आले. पार्करचे त्यावाचून काही अडले नव्हते. सामान्य वाचकाला दहा-बारा शब्द पुरतात. बार, कॉर्ड, कोरस, चेंजेस, ब्लूज, स्विंग, एवढ्यांनी आरंभ करावा. आणि त्यांत 'ब्लू नोट' अवश्य घालावा: कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधोमध कोठेतरी लागणारा तो स्वर, जो पेटीवर नाही आणि पियानोवरही नाही. पियानोवादक त्यासाठी शेजारच्या दोन पट्ट्या एकदम चिरडतात. पेटीने आमच्या श्रुती मारल्या की नाही यावर ज्यांनी दोन पिढ्या वाद घातला, आणि ज्यांच्या नभोवाणीने १९४० साली पेटीला दार बंद करून ते १९७१ पर्यंत उघडले नाही, त्यांना या स्वराची अडचण समजावयास वेळ लागू नये.

व्याख्यानाला टाळ्या देऊन घरी गेलेल्या त्या श्रोत्यांना आमची विनंती इतकीच आहे. एखादे संध्याकाळचे काम बाजूला ठेवावे, कोणताही एक बारा बारांचा ब्लूज लावावा, मांडीवर चार-चार मात्रा मोजाव्या, आणि पाचव्या बारावर खालची जमीन सरकते की नाही तेवढे पाहावे. पहिल्या खेपेस बहुधा चुकेल. आमचे तर चार वेळा चुकले, आणि पाचव्या वेळी त्या विद्यार्थ्यानेच मान हलवून खूण केली. ती जागा एकदा सापडली की मग त्या संगीताला ख्याल म्हणावे की आणखी काही, याची चिंता उरणार नाही.